अपरात्रीची हाक

रात्रीचे दोन वाजले आहेत. घरातील तरुण मुलगा आठ दिवस धड झोपलेला नाही. आपल्याविरुद्ध कोणीतरी कट करीत आहे अशी त्याची पक्की समजूत झाली आहे आणि आज त्याने खोलीचे दार आतून लावून घेतले आहे. आई दाराशी बसून त्याला हाका मारीत आहे. वडील जिन्यात उभे आहेत आणि कोणाला बोलवावे हे त्यांना सुचत नाही. शेजारी जागे झाले आहेत, पण 'घरगुती बाब आहे' असे पुटपुटत त्यांनी किलकिली केलेली दारे पुन्हा लावून घेतली आहेत. याच मुलाच्या छातीत कळ आली असती तर १०८ क्रमांक फिरवावा हे घरातील लहान भावंडासही ठाऊक आहे. मनाचा तोल गेला तर काय करावे, हे मात्र त्या पदवीधर पित्यास ठाऊक नाही. आमच्या वाचकांपैकी अनेकांनी अशी रात्र स्वतःच्या घरी नाही तरी शेजारच्या घरी पाहिली असेल.

अशा वेळी कुटुंबासमोर आजवर तीनच वाटा राहत आल्या आहेत. पहिली पोलिस चौकीची, दुसरी अंगाऱ्याधुपाऱ्याची आणि तिसरी सकाळ होण्याची वाट पाहण्याची. पहिल्या वाटेने आजारी माणसास गुन्हेगाराची वागणूक मिळते. दुसरीने कोठवर नेले जाते, हे तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी साऱ्या देशाने पाहिले. तेथील एका आश्रयगृहास आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळताही आले नाही आणि २८ जीव गेले. तिसरी वाट निरुपद्रवी भासते खरी, पण सकाळ प्रत्येकाच्या वाट्यास येतेच असे नाही.

हे केवळ भावनेचे बोलणे नव्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केली. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील होत्या आणि हा आकडा सर्व राज्यांत सर्वाधिक होता. दिवसाकाठी सरासरी बासष्ट माणसे! प्रत्येक मृत्यूच्या मुळाशी मनोविकारच असतो असे आम्ही म्हणत नाही. कर्ज, कलह, बेकारी, परीक्षेतील अपयश, जडलेला असाध्य रोग ही कारणेही तितकीच खरी आहेत. परंतु कारण कोणतेही असो, त्या अखेरच्या काही तासांत माणूस एकटा पडलेला असतो, आणि तेवढे तास त्याच्यापाशी कोणी बसले तर पुष्कळदा तो परत फिरतो, हा या क्षेत्रात काम करणाऱ्यांचा जगभरचा अनुभव आहे.

कायदा नाही म्हणून हे काम अडले आहे, अशी सबब आता कोणासही सांगता येणार नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून अमलात आहे आणि तो वाचला तर आपल्या व्यवस्थेस मान खाली घालावी लागेल. त्याचे २१ वे कलम म्हणते की, शारीरिक रुग्णास ज्या रीतीने, ज्या प्रमाणात आणि ज्या दर्जाची रुग्णवाहिका मिळते, तशीच ती मनोरुग्णासही मिळाली पाहिजे. ९४ व्या कलमाप्रमाणे रुग्णाच्या वा इतरांच्या जिवास धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी उपलब्ध असल्यास त्याच्या संमतीने, रुग्ण असेल तेथे तातडीचा उपचार करू शकतो. त्याची मर्यादा ७२ तासांची. रस्त्यावर भरकटणाऱ्या मनोरुग्णास पोलिसांनी २४ तासांच्या आत सार्वजनिक रुग्णालयात पोहोचवावे आणि कोणत्याही परिस्थितीत कोठडीत ठेवू नये, असे १०० वे कलम बजावते. ११५ वे कलम तर आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याच्या शुश्रूषेचे आणि पुनर्वसनाचे दायित्व सरकारवर टाकते. न्यून कायद्यात नाही. त्याचा हुकूम मध्यरात्री प्रत्यक्षात कोणी आणावयाचा, हे ठरलेले नाही.

या बाबतीत काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर ती अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीसह अनेक भाषांत उपलब्ध आहे. २०२५ च्या मध्यापर्यंत तिच्याकडे वीस लाखांहून अधिक दूरध्वनी आले. मनाच्या दुखण्याविषयी लोक बोलतच नाहीत, या समजुतीस या आकड्याने चांगलेच उत्तर दिले आहे. हा क्रमांक प्रत्येक घरात दर्शनी जागी लिहून ठेवावा, अशी आमची वाचकांस आग्रहाची सूचना आहे. तथापि दूरध्वनीवरील आवाज कितीही आपुलकीचा असला तरी तो जिना चढून येऊ शकत नाही. बंद दाराबाहेर उभे राहून 'मी तुला न्यावयास आलो नाही, तुझ्याशी बोलावयास आलो आहे' असे म्हणणारा माणूस लागतोच. आवाज आणि दार यांच्यामधील हे अंतर भरून काढणे, हे आता शहरांपुढील कार्य आहे.

एवढे मनोविकारतज्ज्ञ आणावयाचे कोठून, असा प्रश्न यावर विचारला जाईल. देशात लाख लोकवस्तीमागे एकही तज्ज्ञ पुरता येत नाही, हे सत्य आहे. परंतु या प्रश्नाचे उत्तर आपल्याच परिसरात शोधले गेले आहे. गोव्यात 'संगथ' संस्थेने प्रशिक्षण दिलेल्या सामान्य कार्यकर्त्यांकरवी नैराश्यावर उपचार करता येतात हे पद्धतशीर अभ्यासाने दाखविले. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत याच धर्तीवर 'विश्राम' प्रकल्प चालला. आरंभी तेथील नैराश्यग्रस्तांपैकी शेकडा ४.३ लोकांनाच काही सेवा लाभत होती; प्रकल्पानंतर ते प्रमाण शेकडा २७.२ वर गेले. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच ठिकाणी केलेला प्रयोग तर याहून बोलका आहे. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्यांशी तासाभराचे एक संभाषण आणि पुढील अठरा महिन्यांत भेटीने वा दूरध्वनीने नऊ वेळा विचारपूस, एवढाच तो उपाय. ज्यांची विचारपूस झाली त्यांच्यात आत्महत्येने मरण पावणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ०.२ होते, ज्यांची झाली नाही त्यांच्यात ते शेकडा २.२ होते. २००८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 'कसे आहात?' या साध्या प्रश्नाचे मोल याहून स्पष्ट शब्दांत कोणी सांगावे?

अर्थात भ्रमाच्या भरात असलेल्या रुग्णास केवळ गोड शब्द पुरत नाहीत. तेथे औषध लागते आणि डॉक्टरही लागतो. म्हणूनच एकट्यादुकट्या स्वयंसेवकावर भार न टाकता पथक उभारले पाहिजे. रात्रपाळीस एक परिचारिका आणि एक मनोसामाजिक कार्यकर्ता, त्यांच्या दूरध्वनीच्या टोकाशी जागा असलेला मनोविकारतज्ज्ञ, एक साधी गाडी, आणि सार्वजनिक रुग्णालयात त्यांच्यासाठी राखलेल्या काही खाटा, एवढ्यावर आरंभ करता येईल. इटलीतील त्रिएस्ते शहरात डॉ. फ्रांको बसालिया यांनी १९७० च्या दशकात जुन्या मनोरुग्णालयाची दारे उघडली. तेथे वस्तीवस्तीत अहोरात्र चालणारी, मोजक्या खाटांची केंद्रे उभी राहिली. अमेरिकेतील युजीन शहरात १९८९ पासून निःशस्त्र पथके गाडीतून अशा हाकेस धावून जात असत. पण याच युजीनमध्ये एप्रिल २०२५ मध्ये ती सेवा पैशाअभावी बंद पडली, हेही विसरता कामा नये. चांगले काम केवळ चांगुलपणावर टिकत नाही. त्याला अंदाजपत्रकात कायमची ओळ लागते.

त्याहूनही अधिक गरज आहे ती नेतृत्वाची. आपल्याकडे अशा प्रश्नावर समन्वय समिती नेमण्याची रीत आहे. आरोग्य खाते पोलिसांकडे बोट दाखविते, पोलिस रुग्णालयाकडे, रुग्णालय नातेवाइकांकडे, आणि समितीची पुढील बैठक तीन महिन्यांनी भरते. आमच्या मते प्रत्येक महानगरपालिकेत या सेवेचा एक आणि एकच प्रमुख असावा. तो मनोविकारतज्ज्ञच असला पाहिजे असे नाही. या कामात मुरलेली परिचारिका वा सामाजिक कार्यकर्तीही ती धुरा समर्थपणे वाहू शकेल. मात्र कोणत्या रात्री किती हाका आल्या, किती वेळात पथक पोहोचले, किती जणांची पुढे विचारपूस झाली, किती वेळा बळाचा वापर करावा लागला, या चार प्रश्नांची उत्तरे दरमहा नागरिकांपुढे ठेवण्याचे बंधन त्या प्रमुखावर हवे. पोलिस ठाण्यांतील शिपायांचे आणि रुग्णवाहिकेवरील सेवकांचे शिक्षण त्याच्याकडे असावे. आणि ज्यांनी हे दुखणे स्वतः भोगले व जे त्यातून सावरले, त्यांना सल्लागार मंडळात मानाचे स्थान द्यावे. बंद दाराच्या आतील बाजूचे ज्ञान त्यांच्याइतके कोणालाच नसते. रात्रीमागून रात्री दुसऱ्याचे दुःख ऐकणाऱ्या सेवकांचे मनही थकते. त्यांची काळजी जो नेता घेणार नाही, त्याचे पथक वर्षभरात विस्कटेल.

येथे एक इशारा देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. भेदरलेले कुटुंब पुष्कळदा एकच मागणी करते: याला येथून घेऊन जा. ही मागणी समजण्यासारखी आहे. अनेक महिन्यांच्या जागरणातून ती आलेली असते. पण पथक जर केवळ माणसे उचलून नेण्याचे साधन झाले, तर लोक त्याला पोलिसांच्या गाडीइतकेच भितील आणि दारे अधिक घट्ट लावून घेतील. रुग्णाचा शब्द आधी ऐकावा आणि बळ अगदी अखेरीस, कायद्याच्या मर्यादेतच वापरावे. त्याच वेळी आईबापांसही तेथेच धीर द्यावा. या दोन्ही गोष्टी एकदम साधणे कठीण आहे. म्हणूनच हे काम हौशी माणसांवर न सोपविता शिकविलेल्या माणसांवर सोपवावे लागते.

खर्चाचे गाऱ्हाणे आम्हांस मान्य नाही. आगीचे बंब वर्षातील बहुतेक रात्री उभेच असतात, म्हणून ते वायफळ आहेत असे कोणी म्हणत नाही. ज्या शहरास उड्डाणपुलांसाठी पैसा सापडतो, त्यास रात्रपाळीच्या काही माणसांचे वेतन जड होऊ नये. येत्या अंदाजपत्रकात यासाठी स्वतंत्र तरतूद करावी, आणि मत मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवारास नागरिकांनी याविषयी रोखठोक विचारावे.

सरकारने करावयाचे ते सरकारने करावे. पण शेजाऱ्याचे कर्तव्य कोणत्याही अंदाजपत्रकात बसत नाही. पथक येईपर्यंतचा अर्धा तास शेजाऱ्याचाच असतो. त्या रात्री किलकिले झालेले दार पुन्हा लावून न घेता आपण बाहेर आलो, त्या पित्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्याबरोबर जिन्यात उभे राहिलो, तर निम्मे काम तेथेच झाले असे समजावे. उरलेले निम्मे शहराने करावयाचे आहे, आणि त्यास आधीच उशीर झाला आहे.