यंत्राला हात केव्हा लावावा? : नियंत्रण आलेखाचे कार्य

साखरेच्या अर्ध्या किलोच्या पिशव्या यंत्राने भरल्या, तरी कोणत्याही दोन पिशव्यांचे वजन तंतोतंत सारखे भरत नाही. दाण्यांचा आकार, हवेतील दमटपणा, यंत्राची कंपने अशी अनेक लहान कारणे त्यामागे असतात. हा चढउतार त्या यंत्रणेच्या प्रकृतीचाच भाग होय. मात्र झडप अडकली किंवा काटा बिघडला, तर पडणारा फरक निराळ्या जातीचा असतो. त्याचे कारण शोधून ते दूर करता येते. या दोहोंची गल्लत टाळण्याचे साधन म्हणजे नियंत्रण आलेख.

अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करणारे पदार्थवैज्ञानिक वॉल्टर शूहार्ट यांनी १६ मे १९२४ रोजी आपल्या वरिष्ठांना दिलेल्या अवघ्या पानभर टिपणात हा आलेख प्रथम मांडला. भारतीय संख्याशास्त्रीय संस्थेच्या निमंत्रणावरून ते १९४७-४८ मध्ये भारतातही येऊन गेले.

आलेखाची रीत पाहू. दर तासाला सलग पाच पिशव्या तोलून त्यांची सरासरी, आणि सर्वांत जड व सर्वांत हलक्या पिशवीतील अंतर, म्हणजे विस्तार, नोंदवावयाचा. असे वीस-पंचवीस नमुने जमले की मर्यादा ठरविता येतात. समजा, सर्व सरासरींची सरासरी ५०३ ग्रॅम व सरासरी विस्तार ६ ग्रॅम आला. पाचांच्या नमुन्यासाठी ठरलेल्या ०.५७७ या गुणकाने विस्तारास गुणल्यास सुमारे ३.५ येतात, म्हणून मर्यादारेषा ४९९.५ व ५०६.५ ग्रॅमवर पडतात. विस्ताराचा आलेख वेगळा काढतात. त्याची वरची मर्यादा येथे १२.७ ग्रॅम येते. सरासरीचा बिंदू रेषांच्या आत असून इतर खूणही दिसत नसेल, तर यंत्राला हात लावू नये.

हेच पाळणे कठीण जाते. पिशवी दोन ग्रॅमने हलकी भरली की कामगार यंत्र दोन ग्रॅमने वर सरकवितो, पुढची जड निघाली की खाली आणतो. प्रत्येक फरकाची अशी भरपाई केल्यास चढउताराचा पसारा घटण्याऐवजी सुमारे १.४ पट होतो. पर्यवेक्षकाने अशा प्रत्येक घटीबद्दल कामगारास जाब विचारणे तर अन्यायाचेच. तो दोष त्याच्या हाती नसून यंत्रणेत असतो, आणि यंत्रणा बदलण्याचा अधिकार व्यवस्थापनाकडे असतो.

या रेषा म्हणजे ग्राहकाने किंवा कायद्याने घातलेल्या मर्यादा नव्हेत. त्या प्रक्रियेच्या स्वतःच्या आकड्यांतून निघतात. त्यामुळे प्रक्रिया पूर्ण नियंत्रणात असूनही माल कमी वजनाचा निघू शकतो. अशा वेळी यंत्रणाच सुधारावी लागते.

रेषेबाहेरचा बिंदू ही एकच खूण नव्हे. सलग आठ बिंदू मध्यरेषेच्या एकाच बाजूस पडले, तरी प्रक्रिया सरकल्याचा संशय घेतात. तपास सोपा व्हावा म्हणून पाळी किंवा कच्चा माल बदलल्याची वेळ त्या त्या बिंदूशेजारीच लिहून ठेवतात.