मेढा ते मेधा, व्हाया वाई!

मेढ्याच्या स्टँडवर गाडीची वाट बघताय? अभिनंदन! तुम्ही ऑलरेडी फिलॉसॉफीच्या वर्गात बसलाय. फी नाही, परीक्षा नाही, आणि पहिला धडा हॉर्न वाजवत फलाटाला लागतोच आहे.

समोरची लाल एसटी नीट बघा. टायर बदलले, सीटा बदलल्या, काचा बदलल्या. मग ही तीच गाडी का? ग्रीकांनी हा प्रश्न थीसियसच्या जहाजाबद्दल विचारला होता. एकेक फळी बदलत गेलो, तर शेवटी जहाज तेच राहतं का? एसटी महामंडळानं तर हा प्रयोग खराखुरा करून दाखवलाय. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या वर्कशॉपात जुन्या गाड्यांची ॲल्युमिनिअमची बॉडी उतरवून त्याच चेसिसवर पोलादी बॉडी चढवली. गाडी जुनी की नवी? बोला!

थांबा, डबल बेल अजून बाकी आहे. सतराव्या शतकात थॉमस हॉब्जनं विचारलं, काढलेल्या जुन्या फळ्या जपून ठेवून कुणी दुसरं जहाज बांधलं तर? आता दोघांतलं अस्सल कुठलं?

माहीत आहे का? आपल्याकडे हाच पेच रथावर बसून आला होता. ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे आपला मिलिंद. त्याला भिक्खू नागसेनानं विचारलं, कशानं आलात? रथानं. मग रथ म्हणजे काय? चाक? आस? जू? यातलं एकही नाही. या सगळ्याच्या जुळणीला आपण दिलेलं नाव, तो रथ. आणि ‘मी’ नावाची वस्तूही तशीच! ‘मेढ्याला कशानं आलात?’ या साध्या चौकशीत एवढा ऐवज दडलाय.

आता पाच मिनिटं वेण्णेकाठी. ग्रीक तत्त्वज्ञ हेराक्लिटस म्हणायचा, एकाच नदीत दोनदा पाय घालता येत नाही, कारण तोवर पाणी पुढे गेलेलं असतं. वेण्णेचं पाणी तर महाबळेश्वरहून निघून मेढ्यावरून पुढे कण्हेर धरणाच्या वाटेला लागलेलं! त्याचा अनुयायी क्रॅटिलस आणखी भारी. त्याचं म्हणणं, दोनदा कसलं, एकदासुद्धा घालता येत नाही!

आता मान वर करा. डोंगरावर धूर दिसतोय? हा माझा सगळ्यात लाडका आयटम.

न्यायदर्शनाचं जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे डोंगर, धूर आणि आग. जावळी खोऱ्यात उन्हाळ्यात वणवा पाहिलेल्या माणसाला ते वेगळं शिकवायला नकोच. पायऱ्या पाच. डोंगरावर आग आहे. कारण धूर दिसतोय. जिथं धूर तिथं आग, जशी आपल्या चुलीत. या डोंगरावरही तसाच धूर आहे. म्हणून तिथं आग आहे! ॲरिस्टॉटल तीन पायऱ्यांत उरकतो, आपले नैयायिक मधेच स्वयंपाकघरात डोकावून येतात. ओल्या लाकडांवर फुंकणी मारताना डोळे चुरचुरतात ना, तोच तुमचा पुरावा.

आणि आता ट्विस्ट! आषाढातली सकाळ. डोंगरावर धुकं. तुम्हाला वाटलं, धूर. ‘आग लागली!’ म्हणून तुम्ही ओरडलात. आणि योगायोगानं पलीकडच्या अंगाला एका झापात खरंच कुणीतरी शेकोटी पेटवलेली! तुमचं म्हणणं खरं निघालं, तुमच्याकडे कारणही होतं. पण तुम्हाला ते ‘माहीत होतं’ असं म्हणायचं का?

१९६३ साली एडमंड गेटियर या अमेरिकन प्राध्यापकानं असल्याच पेचावर फक्त तीन पानांचा लेख लिहिला आणि ज्ञानाची जुनी व्याख्या खिळखिळी केली. खरी असलेली, सकारण समजूत म्हणजे ज्ञान, ही ती व्याख्या. तीन पानं! आपले दिवाळी अंक तेवढ्यात प्रस्तावनासुद्धा संपवत नाहीत.

पण माहीत आहे का? आठव्या शतकातला बौद्ध पंडित धर्मोत्तर हे आधीच सांगून गेलाय. मांस भाजायला नुकतीच आग पेटवलीय, धूर अजून नाही, पण वर किड्यांचा थवा जमलाय. लांबून बघणाऱ्याला तो थवाच धूर वाटतो आणि तो म्हणतो, आग आहे. बरोबर, पण कारण चुकीचं! गेटियरच्या बाराशे वर्षं आधी! हे दरवेळी सांगताना माझ्या अंगावर काटा येतो.

चला, गाडी वाईला! मेढ्याला ‘ढ’ आहे, वाईला ‘मेधा’, असं कुणी चिडवलं तर खुशाल हसा, शेजारी आहोत. कृष्णाकाठच्या प्राज्ञपाठशाळेत १९१७ साली एक तरुण गांधीजींकडून वर्षभराची रजा घेऊन उपनिषदं शिकायला आला होता. ओळखा पाहू? विनोबा भावे!

तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथलेच. ‘तर्कतीर्थ’ हे आडनाव नव्हे बरं का, १९२३ साली कलकत्त्याला परीक्षा देऊन मिळवलेली पदवी. आणि हा तर्क पोथीत झोपून राहिला नाही. १९३३ साली पुण्यात गांधीजींचा मुलगा देवदास आणि राजाजींची मुलगी लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह याच शास्त्रीबुवांनी लावला. साहित्य अकादमीचा मराठीतला पहिला पुरस्कार, १९५५ चा, तोही त्यांच्याच ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ला. मराठी विश्वकोशाचा संसारही त्यांनी वाईतच थाटला.

त्यांच्यानंतर विश्वकोशाची धुरा घेतली मे. पुं. रेगे यांनी. त्यांचा रेकॉर्ड ऐका. १९८३ साली पुण्यात त्यांच्या पुढाकारानं एक चर्चासत्र झालं. एका बाजूला पारंपरिक पंडित, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत शिकलेले प्राध्यापक. विषय बर्ट्रंड रसेलचा तर्कविचार, आणि चर्चेची भाषा संस्कृत! रसेल ऐकता तर खूश झाला असता, असं मला मनापासून वाटतं.

क्विक ब्रेक! सज्जनगडच्या समर्थांनी ‘दासबोधा’त मूर्खांची लक्षणं सांगितली, हे सगळ्यांना ठाऊक. पण त्याच दशकात शिकल्यासवरल्यांसाठी स्पेशल कॅटेगरी आहे: पढतमूर्ख. फिलॉसॉफीच्या वर्गाबाहेर ती पाटी लावायला हरकत नाही.

आता कऱ्हाडकडे. टेंभूला १८५६ साली जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर मिल आणि स्पेन्सर वाचून इतकं रोखठोक लिहायचे, की सनातन्यांनी पुण्यात त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. जॉन स्टुअर्ट मिलचा हिशेब असा, की जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त भलं होईल ते योग्य.

ऐकायला सोपं? मग घ्या ट्रॉली! फिलिपा फूट या ब्रिटिश विदुषीनं १९६७ साली मांडलेल्या कोड्यात ट्राम होती. आपल्याकडे ट्रॉली म्हणजे उसाची. हंगाम जोरात, ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, उतार, आणि ब्रेक गेले. समोर रस्त्यावर पाचजण, वळवलं तर बांधावर एकजण. स्टिअरिंग फिरवायचं का?

‘फिरवायचं, पाच वाचतात’ म्हणालात? बरं. आता तुम्ही ट्रॅक्टरवर नाही, वर पुलावर उभे आहात. शेजारच्या धिप्पाड माणसाला खाली ढकललं तर ट्रॉली अडेल, पाचजण वाचतील. हिशेब तोच, पाचाला एक. मग आता हात का थबकला?

गाडी लागली वाटतं. चढा पटकन, पुढचं सीटवर बसून भांडू!