एका हाताला मीठ, दुसऱ्या हाताला खनिज

पणजीतल्या पाटोवरून रायबंदरकडे निघालं की डाव्या हाताला मांडवी आणि उजव्या हाताला मिठागरं लागतात. मधला रस्ता 1630च्या दशकातला. तेव्हा राजधानी जुन्या गोव्यात होती आणि पणजीची वाट दलदलीत अडायची, म्हणून काउंट ऑफ लिन्यारेस या पोर्तुगीज व्हाइसरॉयने सुमारे तीन किलोमीटरचा हा मार्ग बांधून घेतला. आता त्यावरून गाड्या सुसाट जातात, पायी चालणारा विरळाच. पण गोव्याने पोट कशावर भरलं ते बघायचं तर इथून चालतच जावं.

आधी मिठाकडे वळू. भरतीचं खारं पाणी अडवून शेती, मासे आणि मीठ काढायची खाजन जमिनींची रीत पोर्तुगीज यायच्या आधीपासूनची. तिचा सगळा कारभार चालतो बांधातल्या मानशीवर. चिऱ्यांच्या चौकटीत लाकडी दारं बसवलेली असतात. भरती चढली की नदीचं पाणीच ती दाबून बंद करतं आणि ओहोटीला आतलं पाणी ती उघडून बाहेर पडतं. वीज नको, इंजिन नको. त्याच तोंडाशी जाळं लावलं की मासेही मिळतात. मिठासाठी पाणी आत हवं असतं तेव्हा मात्र दार माणूस उघडतो.

पाऊस सरला की आगरातले बांध डागडुजी करून घेतात, साचलेलं पाणी काढतात आणि तळाचा चिखल तुडवून टणक करतात. मग पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत आटवतात. शेवटच्या वाफ्यात खडे धरले की लांब दांड्याच्या लाकडी फळीने मीठ बांधाकडे ओढायचं. पहिलं मीठ मळकट निघतं, ते माडांच्या मुळाशी जातं. पांढरंशुभ्र मीठ पुढे, उन्हं कडक झाल्यावर. वाफ्यांच्या कडेला लांब लाल पायांचे शेकाटे चिखलात चोची खुपसत हिंडत असतात, माणसांची त्यांना फिकीर नसते.

या धंद्याला पहिला मोठा दणका सरकारी कागदानेच दिला. 1878च्या करारान्वये गोव्यातल्या मिठाची मक्तेदारी पोर्तुगिजांनी ब्रिटिशांच्या हवाली केली. ब्रिटिशांना आपल्या मिठावरचा कर सांभाळायचा होता. 1892मध्ये करार संपला, पण तोवर आगरांचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं.

खनिजाची गोष्ट त्या मानाने अलीकडची. 1950च्या सुमारास जपानला लोहखनिज जाऊ लागलं आणि मांडवीवर बार्जची रांग लागली. डिचोली, सत्तरीकडचा माल मुरगाव बंदराला जायचा. पावसाळ्यात आग्वादपाशी नदीच्या मुखावर वाळूचा दांडा आडवा येतो, त्यामुळे बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरत. हा कालवा मगरींसाठी प्रसिद्ध. 2010-11मध्ये निर्यात पाच कोटी टनांवर गेली. 2012मध्ये खाणी बंद झाल्या, पुढे सुरू झाल्या, 2018मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीज रद्द केल्या. एवढ्या घाईने वाढलेल्या धंद्याचं दुसरं काय होणार होतं!

खाणींमुळे होणारी पडझड फार आधी ओळखली ती एका कादंबरीकाराने. पुंडलीक नायक यांची ‘अच्छेव’ ही कोंकणी कादंबरी 1977ची. खाणीचा पैसा गावात शिरतो आणि शेत, घर, नाती सगळं उसवत जातं. खाणींवर चौकशी आयोग यायच्या कितीतरी आधी हे लिहून झालं होतं.

रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीने पलीकडे चोडणला जाता येतं. तिथे खारफुटीतलं सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, 1.78 चौरस किलोमीटरचं. चिमुकलं असलं तरी खंड्या हमखास दिसतो.

मिठागरं बघायला जायचं तर फेब्रुवारी ते मे, सकाळी, भरती-ओहोटीची वेळ बघून. वही जरूर न्या. मिठागरावर लिहायचं ज्यांच्या मनात आहे त्यांनी फार थांबू नये. मजूर मिळत नाहीत, फुटलेले बांध तसेच राहतात आणि दर वर्षी काही आगरं पडीक पडताहेत.