नेम चुकल्यावर पुढे काय?

बास्केटबॉलचा सामना पाहून परतणाऱ्या दहा माणसांना "आज कोण छान खेळला?" असे विचारा. दहाच्या दहा जण, ज्याने सर्वांत जास्त बास्केट केल्या त्याचेच नाव सांगतील. त्यात त्यांचा दोष नाही. जाळीतून सुळकन उतरणारा चेंडू डोळ्यांत भरतो, टाळ्याही त्यालाच पडतात. परंतु अव्वल दर्जाच्या व्यावसायिक सामन्यांतसुद्धा खेळता खेळता मारलेले निम्म्याहून अधिक नेम चुकतात! ते चेंडू कडीवर किंवा फळीवर आपटून माघारी येतात. या माघारी आलेल्या चेंडूला 'रिबाउंड' म्हणतात. तो कोणाचा? ज्याच्या हाती लागेल त्याचा! तेव्हा एवढ्याच कामासाठी संघात एक खास माणूस ठेवावा की नाही, हा वाद या खेळात नेहमीचाच आहे.

वाचकहो, या वादाचा उत्तम निवाडा पाहायचा तर शिकागो शहरी जावे लागेल. तेथील 'बुल्स' संघाने १९९१, १९९२ आणि १९९३ अशी सलग तीन अजिंक्यपदे मिळवली होती. पुढे त्यांचा होरेस ग्रँट हा रिबाउंड टिपणारा भरवशाचा गडी १९९४ मध्ये ऑर्लँडोच्या संघात गेला. आणि नशिबाचा खेळ असा, की १९९५ च्या बाद फेरीत याच ऑर्लँडोने बुल्सना घरी पाठविले. मायकेल जॉर्डन परतला होता, स्कॉटी पिपेन होताच. नेम साधणाऱ्यांची वाण नव्हती. वाण होती ती चुकलेला नेम सावरणाऱ्याची.

ऑक्टोबर १९९५ मध्ये बुल्सनी आपला सात फुटी विल पर्ड्यू सॅन अँटोनिओच्या संघाला दिला आणि बदली डेनिस रॉडमन घेतला. उंची सहा फूट सात इंच, वय चौतीस, केसांचा रंग आज एक तर उद्या दुसरा! शिवाय पूर्वी डेट्रॉइटकडून खेळताना याच गृहस्थाने पिपेनला सामन्यात ढकलून पाडले होते. अशा माणसाला कोण घरात घेईल? पण त्याआधीचे सलग चार हंगाम दर सामन्यामागे सर्वांत जास्त रिबाउंड त्याच्या नावावर होते.

हे काम केवळ उंचीचे नव्हे. नेम सुटताच प्रतिस्पर्धी आणि बास्केट यांच्यामध्ये शिरायचे, त्याला पाठीशी रेटून धरायचे, आणि चेंडू कोठे उडेल याचा अंदाज आधीच बांधायचा. रॉडमन मित्रांना निरनिराळ्या कोपऱ्यांतून चेंडू मारायला लावी आणि कोणता फिरका कडीवरून कोणीकडे जातो याचा अभ्यास करी. आपल्याकडचा एखादा मुरलेला यष्टिरक्षक गोलंदाजाच्या मनगटाकडे पाहतो ना, तसाच हा प्रकार.

फळ काय मिळाले? १९९४-९५ मध्ये ८२ पैकी ४७ सामने जिंकणाऱ्या बुल्सनी १९९५-९६ मध्ये ७२ जिंकले. रॉडमनचे दर सामन्यामागे गुण अवघे साडेपाच, पण रिबाउंड जवळजवळ पंधरा! सिअ‍ॅटलविरुद्धच्या अंतिम मालिकेतील दुसरा सामना बुल्सनी ९२-८८ असा, केवळ चार गुणांनी जिंकला. त्यात रॉडमनने आपल्याच संघाचे चुकलेले अकरा नेम परत मिळवले. म्हणजे अकरा वेळा त्याने आपल्या सोबत्यांना पुन्हा एकदा प्रयत्न करण्याची संधी दिली. सहाव्या व निर्णायक सामन्यातही त्याने पुन्हा नेमके अकराच मिळवले. पुढे १९९७ आणि १९९८ ची अजिंक्यपदेही शिकागोलाच गेली.

अर्थात सगळे श्रेय एकट्या रॉडमनला देणे अन्यायाचे होईल. त्या साली जॉर्डन पूर्ण हंगाम खेळला, हे विसरून चालणार नाही. आणि याच रॉडमनला घेऊन सॅन अँटोनिओने १९९४-९५ मध्ये ६२ सामने जिंकले, तरी अजिंक्यपद काही मिळाले नाही. उलट व्यवस्थापनाशी खटके मात्र उडाले. शिकागोतही मार्च १९९६ मध्ये पंचाला डोक्याने धडक दिल्याबद्दल त्याच्यावर सहा सामन्यांची बंदी आली. माणूस तोच, गुण तोच, अवगुणही तेच! फरक होता तो घराचा. फिल जॅक्सनसारखा शांत प्रशिक्षक आणि गुण मिळवून देणारे इतर चौघे असल्यामुळे शिकागोला हा पाहुणा परवडला. चौघांनाही नेम साधत नसेल, तर पाचवा केवळ टिपणारा घेऊन काय करायचे? प्रतिपक्ष त्याला मोकळा सोडून देईल आणि बाकीच्यांभोवती कडे करील.

क्रिकेटमध्ये हा प्रश्न आपल्याला नवा नाही. आपल्या मुंबईचे नरेन ताम्हाणे २१ कसोटी सामने खेळले. धावांची सरासरी जेमतेम दहा. पण यष्टींमागे ५१ बळी! "फलंदाजी येत नाही तर जागा कशाला अडवायची?" असे विचारणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण सुटलेला झेल धावफलकावर कोठेच लिहिला जात नाही, त्याची किंमत मात्र साऱ्या संघाला मोजावी लागते.

माझा पुतण्या कॉलेजच्या संघाचा कप्तान आहे. शेवटच्या जागेसाठी दोन मुले आहेत. एक बऱ्यापैकी बास्केट करतो. दुसऱ्याला नेम म्हणून नाही, पण फळीखालचा चेंडू तो कोणाला घेऊ देत नाही. "काका, याला घेतला तर मुले हसतील हो," तो म्हणाला. मी त्याला सांगितले, "गेल्या तीन हरलेल्या सामन्यांचा हिशेब मांड. आपल्या फळीखाली समोरच्यांना किती वेळा पुन्हा नेम मारता आला, त्यातून त्यांनी किती गुण केले, आणि आपण किती गुणांनी हरलो ते लिही. पहिला आकडा दुसऱ्याहून मोठा निघाला, तर हसणाऱ्यांना तो कागद दाखव आणि त्या मुलाला घे. मात्र घेतल्यावर 'बास्केट का केली नाहीस?' असे त्याला एकदाही विचारू नकोस."

हिशेबाची वही घेऊन तो त्याच रात्री बसला. तिन्ही सामन्यांत पहिलाच आकडा मोठा निघाला. यादी सोमवारी लागायची आहे.