लायनफिश : हाकलता येत नाही, पण आवरता येतो

मंडळी, तळ्यात नको असलेला मासा शिरला, तर फार तर तळं उपसता येतं. समुद्र कसा उपसणार? आज आपण हा प्रश्न एकाच उदाहरणातून बघू. उदाहरण आहे अटलांटिकमधल्या लायनफिशचं.

हा मासा मूळचा आपल्या बाजूचा, म्हणजे हिंदी आणि प्रशांत महासागरातला. अंगावर तांबडे-पांढरे पट्टे, पंख्यासारखे पसरलेले पर. म्हणून शोभेच्या टाक्यांसाठी त्याला मागणी. १९८५ मध्ये तो फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ सापडला. बहुधा कुणीतरी टाकीतले मासे समुद्रात सोडले असावेत. २००४ मध्ये तो बहामाजला दिसला आणि त्यानंतर काही वर्षांतच कॅरिबियनभर पसरला.

तो एवढा फोफावला कसा? एक तर मादी दर काही दिवसांनी अंडी घालते, वर्षाला सुमारे २० लाख. ती पाण्यावर तरंगत, प्रवाहाबरोबर लांब जातात. दुसरं, त्याला १८ विषारी काटे असतात, त्यामुळे त्याच्या वाटेला फारसं कुणी जात नाही. आणि तिसरं, तिथल्या लहान माशांना हा शिकारी ओळखूच येत नाही. बहामाजमध्ये छोट्या प्रवाळखडकांवर लायनफिश सोडून बघितले, तेव्हा पाच आठवड्यांत तिथे नव्याने येणाऱ्या स्थानिक पिल्लांची भर ७९ टक्क्यांनी घटली. यात शेवाळ खाणाऱ्या माशांची पिल्लंही जातात. ती गेली की शेवाळ माजतं आणि प्रवाळाची जागा बळकावतं.

मग करायचं काय? हा मासा गळाला सहसा लागत नाही आणि प्रवाळावर जाळं टाकलं तर प्रवाळच मोडतं. म्हणून पाणबुडे भाल्याने एकेक मासा टिपतात. त्यासाठी स्पर्धा भरतात, पकडलेले मासे हॉटेलांत जातात. विष काट्यांत असतं, मांसात नाही. काटा टोचलाच, तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात धरतात. उष्णतेनं विष निकामी होतं.

पण १०० मीटरच्या खालीही लायनफिश राहतात. तिथे भालेवाला पोचत नाही. म्हणजे मेहनत वाया? तर नाही. बहामाजमध्येच २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रत्येक खडकासाठी एक मर्यादा ठरवली होती. लायनफिश त्या मर्यादेखाली ठेवले, तिथे स्थानिक लहान माशांचं एकूण वजन ५० ते ७० टक्क्यांनी वाढलं. सगळे मारावे लागले नाहीत. मात्र हे काम घर झाडण्यासारखं आहे : आज झाडलं म्हणून उद्या सुटका नाही.

म्हणून सगळ्यांत स्वस्त उपाय अगदी सुरुवातीचा, आणि तो आपल्याही हातात आहे. टाकीतला मासा नकोसा झाला, तर दुकानदाराला परत द्या. नदीत, खाडीत, समुद्रात सोडू नका. आपल्याला ते दयेचं काम वाटतं. त्याची किंमत दुसरेच मोजतात.