मुठीतली तरफ

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या स्थानकांवर रात्री उशिरा लोकलमधून उतरणाऱ्या काही स्त्रिया पर्समध्ये मिरचीच्या फवाऱ्याची डबी ठेवतात. सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या वर भाजल्याची वर्दी देणाऱ्या चेतातंतूंनाच मिरचीतील कॅप्सायसिन चेतवते. त्यांतील ग्राही १९९७ साली डेव्हिड ज्यूलियस व सहकाऱ्यांनी शोधला. म्हणून न भाजताही डोळ्यांची आग होते. परंतु अंधारात, घाबरलेल्या हाताला ही डबी वापरताच आली नाही तर?

गोल डबी मुठीत फिरते. तिची तोटी आपल्याकडेच वळली तर फवारा आपल्याच डोळ्यांत! डबीचा छेद लंबवर्तुळाकार केला आणि बोटांसाठी खाचा ठेवल्या, तर तोटीची दिशा स्पर्शानेच कळेल.

आता बटण पाहू. समजा, ते दाबण्यास २० न्यूटन बल लागते. थरथरत्या बोटाला हे जड जाते. बटणावर छोटी तरफ बसवू. टेकूपासून बटण १ सेंटिमीटरवर आणि अंगठा २ सेंटिमीटरवर असेल, तर १० न्यूटन पुरतात. मात्र निसर्ग फुकट काही देत नाही: बटण २ मिलिमीटर दाबायचे तर अंगठा ४ मिलिमीटर खाली न्यावा लागतो.

बटण फारच हलके झाले, तर फवारा पर्समध्येच उडेल. म्हणून अंगठ्याने न पाहता सारता येईल असा अडसर हवा.

खरी डबी प्रयोगाला घेऊ नका. शाडूचा गोळा मुठीत दाबा, उमटलेल्या खाचा मोजा. मग आईच्या आणि बहिणीच्या मुठीच्या खाचांशी ताडून पाहा. तिघांनाही सोयीचे असे एकच माप निघते का?