‘पार्ले’ हें क्रियापद चालवितांना



फ्रेंच भाषा शिकावयास बसलेल्या विद्यार्थ्यास आरंभींच एक कोष्टक पाठ करावें लागतें. ‘पार्ले’ म्हणजे बोलणें, या क्रियापदाच्या वर्तमानकाळाचें तें कोष्टक. आपल्याकडे संस्कृत शिकणारा ‘गच्छति, गच्छतः, गच्छन्ति’ अशी जी घोकंपट्टी करतो, त्यांतलाच हा प्रकार. पण दोहोंत एक मोठा भेद आहे. संस्कृतांतील रूप जसें लिहिलें तसेंच उच्चारावयाचें असतें. फ्रेंचमध्यें पुस्तक डोळ्यांस एक कोष्टक दाखवितें आणि माणसाचें तोंड कानास दुसरेंच ऐकवितें. हीं दोन कोष्टकें कशीं निर्माण झालीं, आणि शिकणाऱ्यानें त्यांचा मेळ कसा घालावा, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

आपली भेट ध्वनीवरून होत असल्यामुळें प्रथम कानाचें कोष्टक घेऊं. ‘झ पार्ल्’ म्हणजे मी बोलतों. ‘त्यु पार्ल्’ म्हणजे तूं बोलतोस. ‘इल् पार्ल्’ म्हणजे तो बोलतो. ‘नू पार्लों’ म्हणजे आम्ही बोलतों. ‘वू पार्ले’ म्हणजे तुम्ही बोलतां. आणि पुन्हां ‘इल् पार्ल्’ म्हणजे ते बोलतात. नागरी अक्षरांनीं हे उच्चार जवळपासच दाखवितां येतात. ‘झ’ म्हणतांना जीभ ‘श’च्या जागीं न्यावी व घोष द्यावा, ‘त्यु’मधील स्वर म्हणतांना ओठ ‘ऊ’चे ठेवून आंतून ‘ई’ म्हणावी, आणि ‘र’ जिभेच्या टोंकानें न काढतां घशाशीं काढावा.

आतां मोजून पाहा. पुरुष व वचन मिळून स्थानें सहा, पण क्रियापदाचे ध्वनि तीनच : ‘पार्ल्’, ‘पार्लों’, ‘पार्ले’. सहांपैकीं चार ठिकाणीं एकच ‘पार्ल्’ ऐकूं येतें.

हेंच कोष्टक कागदावर उतरलें कीं त्याचें रूप पालटतें. रोमन अक्षरांचीं नांवें आपल्या परिचयाचीं, म्हणजे इंग्रजींतलीं, घेतों. मूळ धातूच्या शेवटचीं ‘ई-आर्’ हीं अक्षरें काढून टाकावीं आणि उरलेल्या अंगास प्रत्यय लावावे. ‘मी’साठीं ‘ई’, ‘तूं’साठीं ‘ई-एस्’, ‘तो’साठीं पुन्हां ‘ई’, ‘आम्ही’साठीं ‘ओ-एन्-एस्’, ‘तुम्ही’साठीं ‘ई-झेड्’ आणि ‘ते’साठीं ‘ई-एन्-टी’. म्हणजे लेखनांत पांच निरनिराळीं रूपें झालीं. स्थानें सहा, लेखन पांच प्रकारचें, उच्चार तीन प्रकारचे, एवढें ध्यानांत ठेविलें तरी निम्मा अभ्यास झाला. फ्रेंच क्रियापदांपैकीं दहांत सुमारें नऊ याच गणांतलीं आहेत, आणि भाषेंत नवें क्रियापद आलें तर तें बहुधा याच गणांत जाऊन बसतें. ‘आले’ म्हणजे जाणें, हा मात्र या गणांतला ठळक अपवाद. मराठी कानास तो अर्थानेंही उलटा वाटावा!

पुस्तकावरूनच शिकणारा विद्यार्थी हटकून चुकतो तो ‘ई-एन्-टी’पाशीं. डोळ्यांस तीन अक्षरें दिसतात म्हणून तो तीं उच्चारूं पाहतो. नामांच्या व क्रियाविशेषणांच्या अंतीं हींच तीन अक्षरें आलीं असतां तेथें सानुनासिक स्वर ऐकूं येतो, त्यामुळें त्याचा गोंधळ अधिकच वाढतो. पण क्रियापदाच्या तृतीयपुरुषी अनेकवचनांत तीं साफ मुकीं असतात. उलट केवळ ऐकून शिकलेल्याची फजिती लिहितांना होते. ‘वू पार्ले’मधील ‘पार्ले’, मूळ धातु ‘पार्ले’ आणि भूतकालवाचक धातुसाधित ‘पार्ले’ या तिघांचा ध्वनि एक असून लेखन तीन प्रकारचें आहे. फ्रेंच मातृभाषा असलेलीं मुलेंही येथें चुकतात. तेथील शाळांतून श्रुतलेखनास जें महत्त्व आहे, त्याचें एक कारण हें होय.

मग हीं न बोलणारीं अक्षरें आलीं कोठून? तीं कोणी मुद्दाम घातलेलीं नाहींत. एके काळीं तीं बोलत होतीं. या क्रियापदाचें मूळ ग्रीक ‘पाराबोले’ या शब्दांत आहे. त्याचा अर्थ एकाशेजारीं दुसरें ठेवणें, तुलना, दृष्टांत. ख्रिस्ती धर्मग्रंथांतील दृष्टांतकथांबरोबर तो लॅटिनमध्यें रूढ झाला, त्याच्यापासून ‘पाराबोलारे’ हें क्रियापद बनलें, आणि त्याचाच झिजून ‘पार्ले’ झाला. लॅटिनमध्यें प्रत्येक पुरुषाचा प्रत्यय स्पष्ट ऐकूं येई, म्हणून सर्वनामाची गरज नसे. तिची दुसरी कन्या इटालियन हिनें ती सोय अद्याप राखली आहे : ‘पार्लो, पार्ली, पार्ला, पार्ल्यामो, पार्लाते, पार्लानो’ अशीं साही रूपें वेगळीं असल्यामुळें सर्वनाम गाळलें तरी अडत नाहीं.

जुन्या फ्रेंचमध्यें तर हें आजचें सरळ क्रियापद सरळही नव्हतें. ‘मी बोलतों’ यास तेव्हां ‘पारोल्’ म्हणत आणि ‘आम्ही बोलतों’ यास ‘पार्लों’सारखें रूप होतें. जेथें आघात अंगावर पडे तेथें ‘ओ’ टिकला. जेथें तो प्रत्ययावर सरके तेथें मधला स्वर गळून गेला. एका धातूचीं हीं दोन अंगें बोलणाऱ्यांनीं कालांतरानें एकसारखीं केलीं. ‘पारोल्’ हें अंग क्रियापदांतून गेलें, पण ‘वाणी’ या अर्थाचें नाम म्हणून आजही नांदत आहे.

मध्ययुगाच्या उत्तरार्धापासून पुढील कांहीं शतकांत शब्दांच्या शेवटचे ध्वनि एकामागून एक गळाले. प्रत्यय ऐकूं येईनासा झाला आणि सर्वनाम अपरिहार्य होऊन बसलें. यांत कारण कोणतें व परिणाम कोणता याविषयीं भाषाशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. परंतु कोण बोलतो हें सांगण्याचें जें काम शब्दाची शेपटी करी, तें आतां बव्हंशीं त्याच्यापुढें चालणारें सर्वनाम करतें, हें निश्चित. हल्लीं घरगुती बोलण्यांत ‘नू पार्लों’च्या जागीं ‘ऑं पार्ल्’ म्हणण्याचा प्रघात आहे. तो धरला तर कानाच्या कोष्टकांत दोनच ध्वनि उरतात. लेखणीनें मात्र जुनीं अक्षरें सोडलीं नाहींत. लुई मेग्रे या व्याकरणकारानें १५५० सालीं उच्चाराप्रमाणें लेखन करण्याचा पुरस्कार केला, पण तो रुजला नाहीं. १९९० सालीं फ्रेंच शुद्धलेखनांत ज्या सुधारणा झाल्या, त्यांनींही या प्रत्ययांस हात लावला नाहीं.

हीं अक्षरें अगदींच मृत आहेत असेंही नव्हे. ‘ते बोलतात काय?’ असें विचारतांना सर्वनाम क्रियापदामागून येतें, आणि निजलेला ‘टी’ जागा होऊन ‘पार्ल्तिल्’ असें ऐकूं येतें. ‘तो बोलतो काय?’ या प्रश्नांत तर मूळचा ‘टी’ नसतांही इतर रूपांच्या अनुकरणानें तो आणून बसविलेला आहे.

हें सर्व ऐकून फ्रेंचांच्या हट्टाचें हंसूं येण्यापूर्वीं आपल्या घरांत डोकवावें. ‘मी बोलतों’ यांत ‘तों’वर अनुस्वार आणि ‘तो बोलतो’ यांत तो नाहीं, असें आपण पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आलों. प्रमाण मराठीच्या उच्चारांतून तो अनुनासिक केव्हांच गेला होता. कोंकणींत ‘हांव उलयतां’ म्हणतांना तो अद्याप ऐकूं येतो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ सालीं महाराष्ट्र शासनानें मान्य केले आणि असे अनुच्चारित अनुस्वार गेले. आतां ‘मी बोलतो’ व ‘तो बोलतो’ यांत क्रियापद एकच, भेद काय तो सर्वनामाचा. म्हणजे फ्रेंचच्या ‘पार्ल्’ची जी कथा, तीच येथें आपली झाली. फरक इतकाच कीं त्यांनीं मुकीं अक्षरें ठेविलीं आणि आपण काढलीं.

शहाणा कोण? आपल्या मुलांचे श्रम वाचले, हा लाभ लहान नव्हे. प्रस्तुत वक्ता जुन्या वळणानें लिहितो तें केवळ संवयीमुळें. तें वळण मुलांवर लादावें असें त्यास वाटत नाहीं. तथापि मुकें अक्षर निरुपयोगी असतें असें मात्र समजूं नये. ‘इल् पार्ल्’ ऐकणाऱ्यास एक मनुष्य बोलतो कीं अनेक बोलतात, हें संदर्भावरूनच ताडावें लागतें. वाचणाऱ्यास तें कागदावर तत्काळ दिसतें. कानास जें कळत नाहीं, तें हीं अक्षरें डोळ्यांस सांगतात.

म्हणून शिकणाऱ्यास एवढीच सूचना आहे. पहिले कांहीं दिवस पुस्तक मिटून साही रूपें सर्वनामांसह मोठ्यानें म्हणावीं, आणि तीं तीन ध्वनींत बसलीं कीं मग लेखणी घ्यावी. प्रत्येक मुकें अक्षर लिहितांना येथें पूर्वीं एक ध्वनि होता याचें स्मरण ठेवावें. मग तें कोष्टक जाचक वाटणार नाहीं.